‘हलवले’ नव्हे, निघायला लावले

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाझाच्या दक्षिण टोकाला असलेल्या रफा शहरावरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवल्यानंतर कारवाई सुरू झाली’ या वाक्यावर मी थांबलो. कोणी हलवलं? कशातून? आणि ती जागा सुरक्षित होती हे कोणाच्या तोंडचं?

६ मे २०२४ ला पूर्व रफातल्या सुमारे एक लाख लोकांना इस्रायली लष्कराने पत्रकं टाकून, फोनवर संदेश पाठवून सांगितलं की अल-मवासीकडे निघा. न्यायला कोणी आलं नाही. कोणी गाढवगाडीवर संसार लादला, कोणी गाद्या डोक्यावर घेऊन चालत निघालं. अल-मवासी ही समुद्रकाठची वाळूची पट्टी. तिथे ना पुरेसं पाणी, ना सांडपाण्याची सोय. पुरात अडकलेल्यांना बोटीतून काढतात तेव्हा आपण ‘सुरक्षित स्थळी हलवले’ म्हणतो, कारण हलवणारा तिथे हजर असतो. इथे तो नव्हता. ‘स्थलांतर’ही नको, त्यात स्वतःहून निघाल्याचा भास आहे. ‘निघून जाण्याचा आदेश दिला’ एवढंच लिही. बातमीत क्रियापद चुकलं की जबाबदारीच नाहीशी होते. मीही बरीच वर्षं वृत्तसंस्थांच्या तारांमधलं ‘हलवले’ जसंच्या तसं उचललं आहे, आणि त्याची टोचणी अजून आहे.

दुसरी गोष्ट, निघालेली माणसं कोण होती? युद्धापूर्वी रफाची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास होती. १३ ऑक्टोबर २०२३ ला उत्तर गाझातल्या अकरा लाख लोकांना दक्षिणेकडे जायला सांगितलं गेलं आणि फेब्रुवारीपर्यंत रफात चौदा लाखांच्या घरात माणसं दाटली. म्हणजे मे महिन्यात निघालेल्यांपैकी बहुतेक आधीच एकदा, दोनदा, काही त्याहून जास्त वेळा उठलेले होते. दर वेळी तंबू, पीठ, औषधं, ओळखीचा शेजार मागे राहतो. जूनच्या सुरुवातीपर्यंत सुमारे दहा लाख लोकांनी रफा सोडलं होतं. हा आकडा तुझ्या लेखात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. तो वर घे.

मृतांची संख्या तू नीट दिली आहेस, पण हानी तिथेच संपत नाही. ७ मे ला इस्रायलने इजिप्तच्या सीमेवरच्या रफा नाक्याची गाझाकडची बाजू ताब्यात घेतली. इजिप्तमध्ये उपचारांसाठी जाणारे रुग्ण याच वाटेने जात. ती वाट बंद झाली आणि डिझेलही अडलं. डिझेल अडलं की पाण्याचे पंप थांबतात, खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प थांबतात, रुग्णालयांचे जनरेटर मोजूनमापून चालवावे लागतात. रफातलं अल-नज्जार रुग्णालय ६ मे च्या त्याच आदेशाच्या क्षेत्रात येत होतं. ते रिकामं करावं लागलं आणि डायलिसिसवरच्या रुग्णांना दुसरीकडे धावावं लागलं. असा रुग्ण पुढे दगावला, तर तो कुठल्या हल्ल्याच्या यादीत धरायचा? हा प्रश्न लेखात मांड. उत्तर नसलं तरी चालेल.

७ ऑक्टोबर २०२३ चा इस्रायलवरचा हमासचा हल्ला मात्र एका वाक्यात उरकू नकोस. सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली, त्यांच्या घरचेही वाट पाहत होते. रफात हमासच्या चार तुकड्या उरल्या आहेत, असं इस्रायल सांगत होता. ५ मे ला इस्रायल-गाझा सीमेवरच्या केरेम शालोम नाक्यावर हमासने केलेल्या रॉकेट हल्ल्यात इस्रायली सैनिक मेले, हेही लिही. आणि त्याच्या लगेच पुढे युद्धाचा नियम लिही. लढणारे वस्तीत लपले म्हणून वस्तीचं संरक्षण संपत नाही. इशारा दिला होता म्हणून चालता न येणारी, मागे राहिलेली म्हातारी लक्ष्य ठरत नाही.

२४ मे ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रफातली कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. दोन दिवसांनी रफातल्या तल अल-सुलतान भागातल्या विस्थापितांच्या तंबूंना हल्ल्यानंतर आग लागली. गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार ४५ जण गेले. आपण हमासच्या दोन म्होरक्यांवर नेम धरला होता, असं इस्रायली लष्कराने सांगितलं. या दोन तारखा एकाच परिच्छेदात ठेव, मध्ये विशेषण घालू नकोस.

१३ मे ला संयुक्त राष्ट्रांच्या गाडीत, रुग्णालयाकडे जाताना मारले गेलेले आपल्या लष्करातले निवृत्त अधिकारी, त्यांची चौकट तू वेगळी काढली आहेस. ती मुख्य लेखात आण. आपला वाचक तिथे नक्की थबकेल. थबकला की त्याला पुढच्या ओळीत त्या तंबूंपर्यंत ने. संयुक्त राष्ट्रांची खूण असलेली गाडी जिथे वाचली नाही, तिथे कापडाच्या भिंतीआड काय असेल, हे मग त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा खर्डा सोमवारपर्यंत पाठव. लांबला तरी चालेल, मी जागा मागून घेईन.

तुझा,
सर