सिम्स 4 मध्ये सामान एकावर एक कसं रचायचं आणि उंच कसं न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिम्स 4 या घर बांधून त्यात माणसं वसवायच्या गेममध्ये ट्रंकेवर ट्रंक ठेवायला गेलं की वरची ट्रंक लाल होते आणि बसतच नाही. शिवाय पलंग उंच नेऊन खाली अभ्यासाचं टेबल मांडायचंय. मॉड, म्हणजे बाहेरून घेतलेली फाइल, न घालता जमेल का?

दोन्ही जमेल. पण या दोन कामांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. ट्रंका फक्त दिसायला हव्यात, पलंगावर मात्र तुमचा सिम, म्हणजे गेममधलं पात्र, झोपणार आहे. सामान उचलण्याआधी दर वेळी स्वतःला हा प्रश्न विचारा: ही वस्तू बघायची आहे की वापरायची? हा फरक लक्षात येईपर्यंत माझे कितीतरी रविवार वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी लाल रंगाचं कारण. या गेममधली प्रत्येक वस्तू जमिनीवर आपल्या वाटणीची चौकटीएवढी जागा अडवते. एका वस्तूची जागा दुसरीच्या जागेवर आली की गेम लाल रंग दाखवून नाही म्हणतो. अपवाद खाचांचा. टेबल, शेल्फ, ओटा यांच्या पृष्ठभागावर न दिसणाऱ्या खाचा असतात आणि फुलदाणी, फोटो, दिवा अशा छोट्या वस्तू त्यात बसतात. ट्रंकेच्या झाकणावर दुसरी ट्रंक मावेल अशी खाच नाही. म्हणून गेमच्या हिशेबात तुम्ही वरची ट्रंक खालच्या ट्रंकेच्या पोटात ठेवताय.

ही तपासणी बंद करायचा चीट, म्हणजे गेमचे नियम सैल करणारी टाइप करायची आज्ञा, गेममध्येच आहे, त्यासाठी मॉड लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबा (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), वरच्या कोपऱ्यात एक चौकट उघडेल. तिथे रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत ‘बीबी’, लगेच टिंब, मग ‘मूव्हऑब्जेक्ट्स’ हा मध्ये जागा न सोडता लिहिलेला शब्द, एक जागा सोडून ‘ऑन’, आणि एंटर. ‘मूव्हऑब्जेक्ट्स’मध्ये शेवटचा ‘एस’ राहिला तर काहीच होत नाही. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. कन्सोलवर हीच चौकट कंट्रोलरची वरची चारही बटणं एकदम दाबल्यावर उघडते. फक्त तिथे चीट चालू केले की त्या सेव्हमध्ये ट्रॉफी मिळणं थांबतं, तेव्हा ट्रॉफींची आवड असेल तर घर बांधायला वेगळा सेव्ह ठेवा.

आता बिल्ड मोडमध्ये, म्हणजे घर बांधायच्या भागात, वस्तू माउसने उचला, खाली ठेवू नका, आणि 9 दाबा. एका दाबात ती थोडी वर जाते, 0 दाबलं की खाली येते. नुसत्या आकड्याने हलली नाही तर कंट्रोल धरून तोच आकडा दाबा. वस्तू जमिनीवरच्या चौकटींना चिकटून उड्या मारत असेल तर ऑल्ट धरून ठेवा, मग ती हवी तिथे अलगद सरकते. शिफ्ट आणि चौकटी कंस दाबला की आकार बदलतो, उजव्या कंसाने मोठा, डाव्याने लहान. पुढचं सगळं या चार-पाच कळांवरच आहे.

वरची ट्रंक खालच्या ट्रंकेवर धरून उंच करू नका. कर्सर कधी मागच्या जमिनीवर जातो, कधी भिंतीवर, आणि ट्रंक हातातून निसटल्यासारखी भलतीकडे पळते. त्यापेक्षा ती शेजारी, मोकळ्या जमिनीवर धरा. कॅमेरा जमिनीलगत आणून बाजूने बघा आणि तिचा तळ शेजारच्या ट्रंकेच्या झाकणाला टेकेल इतकी उंच करा. किती वेळा 9 दाबलं ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. मग ऑल्ट धरून आडवी सरकवत खालच्या ट्रंकेवर आणा आणि क्लिक करा. तिसऱ्या ट्रंकेला आकडा दुप्पट. वरची थोडी तिरकी ठेवा, घरातल्या ट्रंका कधी एका रेषेत नसतात.

मला हे सगळं शिकावं लागलं ते उतरंडीपायी. माझं आजोळ वाईजवळच्या एका गावात होतं. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आजीची उतरंड असायची. खाली मोठ्या पोटाचं मडकं, त्यावर त्याहून लहान, असं करत वर शेवटचं मुठीएवढं. कशात काय आहे ते फक्त तिलाच ठाऊक. ते घर आता राहिलेलं नाही, आणि फोटोही फक्त ओसरीचे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सिम्स 4 चा मूळ गेम फुकट झाला तेव्हा मी तो घेतला आणि सगळ्यात आधी ते स्वयंपाकघर बांधायला बसलो.

गेममध्ये उतरंड मिळत नाही, मातीच्या रंगाच्या कुंड्या आणि फुलदाण्या मिळतात. गोल पोटाची एक निवडली आणि तिच्याच पाच प्रती काढल्या. सगळ्यात खालची आहे तशी, पुढची एक टप्पा लहान, त्यापुढची दोन टप्पे. इथे क्रम महत्त्वाचा: आधी आकार, मग उंची. उंचीवर नेऊन मग लहान केलंत तर मोजलेले आकडे फुकट जातात, कारण मडक्यांमध्ये फट पडते किंवा ती एकमेकांत रुततात. रुतण्याबद्दल एक सांगतो, थोडं रुतूच द्या. खऱ्या उतरंडीत वरच्या मडक्याचा बूड खालच्याच्या तोंडात बसलेला असतो, कडेवर तोललेला नसतो. मी 9 चा एक दाब कमी ठेवला आणि त्या कुंड्या एकदम मडकी दिसायला लागल्या.

ही युक्ती उलटी मात्र चालत नाही. 0 दाबून वस्तू जमिनीपर्यंतच खाली येते, त्यामुळे जेवणाचं टेबल जमिनीत रुतवून त्याचा चौरंग करता येत नाही.

आता ‘बघायची की वापरायची’कडे येतो. 9 दाबून वस्तू वर गेली तरी तिने जमिनीवर अडवलेली जागा खालीच राहते. डोळ्यांना पलंग छताजवळ दिसतो, पण सिमच्या लेखी खालची जमीन अजून पलंगाने व्यापलेली असते. त्यामुळे असा पलंग उचलून खाली टेबल सरकवलंत तर चित्र सुंदर येईल, पण सिमला ना टेबलाशी जाता येणार ना पलंगावर चढता येणार. तो तिथे येऊन हात हलवत तक्रार करेल. खोलीच्या मध्ये कुंडी अधांतरी टांगली तरी तोच प्रकार, खालून जायची वाट बंद. टांगायचं असेल तर मुळातच छताला किंवा भिंतीला लागणारी वस्तू निवडा, ती जमिनीवर हक्क सांगत नाही.

म्हणजे तुमच्या पलंगासाठी हा चीट नकोच. 2021 च्या मार्चमधल्या अपडेटने मूळ गेममध्येच दुमजली पलंग आले. त्यातला वरचा भाग सुटा घेता येतो. तो लावा, खाली टेबल-खुर्ची मांडा, शिडीची बाजू मोकळी सोडा. सिम खरोखर वर चढून झोपतो. हे येण्याआधी लोक साधे पलंग 9 ने उचलून खोटे दुमजली करायचे. त्या काळातले व्हिडिओ अजून सगळीकडे फिरताहेत आणि नवीन माणूस त्यात फसतो. तुम्हीही तसलाच एखादा पाहिला असावा असं प्रश्नावरून वाटलं.

पलंगाऐवजी अख्खा कोपराच उंच करायचा असेल, म्हणजे ओसरी, देवघराची पायरी, बैठकीचा ओटा, तर 2020 पासून मूळ गेममध्ये असलेला प्लॅटफॉर्म वापरा. खोली आखतो तसा आखायचा आणि बाण ओढून उंची ठरवायची. त्यावर ठेवलेलं सामान गेमच्या लेखी खऱ्या जमिनीवरच असतं, म्हणून सगळं वापरता येतं. पायऱ्या जोडायला विसरू नका. आजीच्या घराची ओसरी मी आधी पायऱ्यांचे दगड एकेक उचलून रचली होती आणि एकही सिम दारापर्यंत पोचत नव्हता. प्लॅटफॉर्मने तीच दहा मिनिटांत झाली. खरं सांगतो, हे हत्यार असताना लोक चीटशी का झटत बसतात ते मला कळत नाही.

चीटने रचलेलं सामान हलवताना जपा. खाचेत बसलेली वस्तू टेबलाबरोबर सरकते. 9 ने वर नेलेली सरकत नाही, कारण ती टेबलावर आहे हे गेमला माहीतच नसतं. मी एकदा फडताळ भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्यावर रचलेले डबे जुन्या जागी हवेत लटकत राहिले. म्हणून मोठं सामान कुठे ठेवायचं ते आधी पक्कं करा आणि रचाई अगदी शेवटी घ्या. छोट्या वस्तूंना खाच मिळत असेल तर ती सोडू नका. उंच फडताळावर डबे हवे असतील तर तिथे एक अरुंद भिंतीवरचं शेल्फ लावून ते फडताळाच्या फळीत लपवा, डबे शेल्फच्या खाचांत बसतात आणि मोजामोजी वाचते.

तयार खोली लायब्ररीत, म्हणजे गेममधल्या तुमच्या साठ्यात, ठेवून दुसऱ्या घरात लावणार असाल तर तिथेही आधी चीट चालू करा. नाहीतर एकमेकांत रुतलेल्या वस्तू नाकारल्या जातात आणि पाचातली दोनच मडकी उरतात. गॅलरीवर, म्हणजे इतर खेळाडूंना घेता येईल अशा ठिकाणी, टाकलीत तर वर्णनात तशी एक ओळ लिहा, घेणाऱ्याची चिडचिड वाचेल.

सगळं झाल्यावर लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे सिम खेळवायच्या भागात, शिफ्ट आणि टॅब दाबून सिमच्या नजरेने खोलीत फिरा. 2018 च्या शेवटी आलेली ही सोय रचाई तपासायला फार उपयोगी आहे. बिल्ड मोडमध्ये वरून बघताना ट्रंकांमधली बोटभर फट दिसत नाही, सिमच्या डोळ्यांनी लगेच दिसते. मी नेहमी दारातून आत येतो, उजेडाच्या बाजूने एकदा बघतो आणि जिथे खालून उजेड डोकावतो तिथे 0 चा एक दाब देतो.

उतरंड अशीच तपासून आईला दाखवली. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वरच्या मडक्यावर झाकण कुठंय? आणि खालचं असं जमिनीवर नसायचं रे, चुंबळीवर असायचं.” झाकणाला एक बशी लहान करून वर नेली. चुंबळीला मात्र वेळ लागला. शेवटी गोल गालिचा घेतला, शिफ्ट आणि डावा कंस दाबत दाबत मडक्याच्या बुडापेक्षा जरासाच मोठा ठेवला आणि ऑल्ट धरून खाली सरकवला. पाचही मडक्यांना मग 9 चा एकेक दाब जास्त द्यावा लागला.

तुमच्या ट्रंकांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे दाखवायचे असतील तर ते सगळ्यात आधी मांडा आणि मोजणी तिथपासून सुरू करा. कुठे अडलं तर खाली लिहा, आणि बिल्ड मोडमधला बाजूने काढलेला स्क्रीनशॉट टाका, वरून काढलेल्यात उंचीचा घोळ कळत नाही.