ऑलिव्हेनाइट म्हणजे मोरचूद नव्हे

गिरगावातून विचारणा आहे: संग्रहातल्या ऑलिव्हेनाइट या हिरव्या ताम्रखनिजाच्या चिठ्ठीवर 'सोमली मोरचूद' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. तांब्याचं आणि हिरवं-निळं काही दिसलं की त्याला मोरचूद म्हणायचं, ही खोड फार बोकाळली आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. पेलाभर पाण्यात खडा टाका, तळाशी निळाई सुटू लागते आणि ढवळलं की खडा विरून जातो. ऑलिव्हेनाइट पाण्यात ढिम्म राहतं, ते विरघळतं आम्लात. शिवाय त्याच्या वजनात सुमारे २६.५ टक्के विषारी आर्सेनिक. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असं बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरची फवारणी, करणाऱ्या बागायतदाराच्या कानावर 'सोमली मोरचूद' हे नाव पडू नये.

'सोमल'ही चूकच. सोमल हा आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड. त्यातलं आर्सेनिक त्रिसंयुजी, म्हणजे संयुजा तीन; ऑलिव्हेनाइट हे आर्सेनेट, त्यातलं पंचसंयुजी, संयुजा पाच. आर्सेनिकयुक्त ताम्रखनिजं हवा-पाण्याने कुजतात, तेव्हा त्यांच्या वरच्या थरात ऑलिव्हेनाइट तयार होतं. नाव पडलं ऑलिव्हसारख्या रंगावरून. त्यात विशेष काही नाही.

खरी गंमत 'आर्सेनिक'मध्ये आहे. ग्रीक 'आर्सेन' म्हणजे पुरुष, म्हणून आर्सेनिक 'पौरुषाचं', असं सांगून कित्येक पुस्तकं थांबतात. ती ग्रीकांनी कानाला जुळवून घेतलेली व्युत्पत्ती. मूळ शब्द इराणी, फारसीत 'जरनीख', म्हणजे सोनेरी. तो सिरियाक या जुन्या भाषेमधून ग्रीकांकडे गेला. त्यातला 'जर' म्हणजे पैठणीच्या काठातली जर! त्याचंच संस्कृत भावंड 'हरि', पिवळा. त्यावरून हरिद्रा, म्हणजे आपली हळद, आणि हरिताल, म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड, हरताळ. हळद, जर, हरताळ, आर्सेनिक: चौघं एका गोत्राची.

हा हरताळ गोंदात खलून पोथीतल्या चुकलेल्या अक्षरांवर फासत. पिवळट कागदावर पिवळा लेप, सुकला की वर नवं अक्षर. 'नियमांना हरताळ फासला' हे तिथून आलं. त्याचा संबंध बंदशी जोडणारे सपशेल चुकतात. बंदचा हरताळ गुजराती 'हडताळ'वरून: हट्ट म्हणजे बाजार, ताल म्हणजे कुलूप. कुलूप कुणी फासत नाही.

चिठ्ठीवर लिहा: 'ऑलिव्हेनाइट, तांब्याचं आर्सेनेट'. खाली लाल शाईत: 'कुटू नये, तापवू नये'. तापवल्यावर येणारा लसणासारखा वास आर्सेनिकचा असतो.