वादग्रस्त पुस्तक ऑनलाइन दिसेनासं झालं, म्हणजे त्यावर बंदी आली का? आणि कोल्हापुरात ते मिळवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की इतिहासावरचं एक वादग्रस्त इंग्रजी पुस्तक परवापर्यंत साइटवर होतं, आता तिथे 'सध्या उपलब्ध नाही' असं येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बॅन झालं' म्हणून बोंब उठलीय. कंपनीला असं पुस्तक विकायचं नाकारता येतं का, आणि कोल्हापुरात बसून ते कायदेशीर मार्गाने मिळेल का?

दोन्हींचं उत्तर 'हो'. पण आधी 'बॅन' हा शब्द बाजूला ठेवा. पुस्तक थांबवणारे चौघे असू शकतात: सरकार, न्यायालय, प्रकाशक आणि दुकान. कुणी थांबवलं हे कळलं की पुढची वाट आपोआप कळते. आणि बऱ्याच वेळा चौघांपैकी कुणीच थांबवलेलं नसतं, फक्त माल संपलेला असतो.

म्हणून सुरुवात त्या पानापासून करा. पान उघडतंय, मुखपृष्ठ दिसतंय, खाली वाचकांचे अभिप्राय आहेत आणि किमतीच्या जागी 'सध्या उपलब्ध नाही' लिहिलंय, तर बहुधा विक्रेत्याकडच्या प्रती संपल्यात. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट हे भारतात बाजार आहेत, दुकान नाहीत. परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे त्यांना स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. विकणारा दिल्लीतल्या दर्यागंजातला किंवा पुण्यातला कुणीतरी असतो. त्याच्या दोन-चार प्रती खपल्या की पान रिकामं दिसतं. आठ-दहा दिवसांनी परत बघा. पुठ्ठा बांधणीची आणि कागदी बांधणीची आवृत्ती यांची पानं वेगळी असतात, तीही उघडून बघा.

पान मुळात उघडतच नाही, ॲमेझॉनवर कुत्र्याचा फोटो आणि 'पान सापडलं नाही' येतं, तर लिंक तरी चुकलीय किंवा नोंद काढून टाकलीय. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. पुस्तक आहे, पण तुमच्या पत्त्यावर पाठवत नाहीत. कोल्हापूरच्या पिनकोड ४१६०१२ च्या जागी पुण्याचा ४११००१ आणि मग दिल्लीचा ११०००१ टाकून बघा. दिल्लीला मिळतंय आणि कोल्हापूरला नाही, तर प्रश्न कुरिअरचा आहे, विचारांचा नाही.

शोधताना नाव टाकू नका, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक टाका. शीर्षकाच्या पानामागच्या पानावर तो असतो, शिवाय मागच्या कव्हरवर बारकोडशेजारी. तेरा आकडे, सुरुवात ९७८ ने. भारतात दिलेल्या क्रमांकांत त्यापुढे ८१ किंवा ९३ असतं. क्रमांक बरोबर उतरवलाय का हे घरीच तपासता येतं: पहिला आकडा एकाने, दुसरा तिनाने, तिसरा एकाने, चौथा तिनाने असं तेराव्यापर्यंत गुणायचं आणि सगळी बेरीज करायची. बेरजेच्या शेवटी शून्य आलं नाही तर कुठला तरी आकडा चुकलाय. व्हॉट्सॲपवर फिरणारे क्रमांक बऱ्याचदा इथेच पडतात आणि लोक पुस्तक गायब केल्याचा आरोप करत बसतात.

आता त्या चौघांकडे येऊ.

सरकारी बंदीला कायद्याच्या भाषेत 'सरकारजमा' म्हणतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ आहे. राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणं लिहावी लागतात. एका राज्याने काढली तरी देशात कुठेही पोलीस प्रत जप्त करू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह खात्याने याच कलमाखाली एकदम २५ पुस्तकं सरकारजमा केली. तो आदेश श्रीनगरचा असला तरी जप्तीसाठी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं दुकानही त्यातून सुटत नाही. या कलमात प्रत जवळ बाळगण्याला शिक्षा सांगितलेली नाही, पण प्रत जाऊ शकते, आणि विकणाऱ्यावर इतर कलमांखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून तुमच्या पुस्तकाबद्दल पहिला प्रश्न असा: अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय? महाराष्ट्राचं राजपत्र ऑनलाइन बघता येतं, गृह विभागाच्या अधिसूचना त्यात येतात. क्रमांक कुणालाच सांगता येत नसेल, तर 'बॅन' ही बहुधा अफवा आहे.

बंदी आली तरी ती कायमची नसते. त्याच संहितेच्या कलम ९९ प्रमाणे दोन महिन्यांत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं आणि तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ते ऐकतं. आपल्याकडचं ठळक उदाहरण अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं. पुस्तक २००३ चं. वाद पेटल्यावर प्रकाशकाने त्याच वर्षी ते भारतातून मागे घेतलं. ५ जानेवारी २००४ ला, लेन यांना मदत केल्याच्या रागातून, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तक सरकारजमा केलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो आदेश रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तेच कायम ठेवलं. न्यायालयात गेले ते लेखक किंवा प्रकाशक नव्हते. अर्जदारांत माहितीपटकार आनंद पटवर्धन होते. पुस्तकातला मजकूर पटण्या-न पटण्याचा हा मुद्दा नाही, कोल्हापुरात तर तो न पटणारेच जास्त भेटतील. मुद्दा क्रमाचा आहे. प्रकाशकाने आधी हात काढून घेतला, सरकार नंतर आलं. आणि न्यायालयाला बंदी उठवता येते, पण पुस्तक पुन्हा छापायला लावता येत नाही.

आयातबंदी हा आणखी वेगळा प्रकार. सलमान रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'वर १९८८ मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली आयातबंदी घातली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे ती अधिसूचना कुणालाच दाखवता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वातच नाही असं मानावं लागेल असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीत पुस्तक दुकानात आलं. छत्तीस वर्षं सगळे जी बंदी पाळत होते, तिचा कागदच सापडेना. क्रमांक मागा असं मी का म्हणतोय, ते यावरून कळेल.

न्यायालयाचा मनाई आदेश बहुधा बदनामीच्या दाव्यात येतो, आणि तो एकतर्फीही असू शकतो. पुढे तो उठतो किंवा बदलतो. अशा पुस्तकाची स्थिती वर्षाआड बदलते, त्यामुळे जुन्या बातमीवर विसंबू नका.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त पुस्तकं प्रकाशकाच्या माघारीने जातात, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. वेंडी डॉनिगर यांचं हिंदूंच्या इतिहासावरचं पुस्तक फेब्रुवारी २०१४ मध्ये पेंग्विनने दाव्यात तडजोड करून मागे घेतलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने ते काढलं. ऑगस्ट २०२० मध्ये ब्लूम्सबरीने दिल्ली दंगलीवरचं पुस्तक मागे घेतलं, डॉनिगर यांच्या वेळी ओरडा हिंदुत्ववाद्यांचा होता, या वेळी त्यांच्या विरोधकांचा. तेही गरुड प्रकाशनाने काढलं. दोन्ही वेळा सरकारी बंदी नव्हती. दोन्ही वेळा जुन्या आयएसबीएनने शोधणाऱ्याला 'उपलब्ध नाही' दिसलं असतं, कारण नव्या प्रकाशकाचा क्रमांक नवा असतो. म्हणून लेखकाच्या नावाने एकदा वेगळा शोध घ्या आणि प्रकाशकाचं नाव बदललंय का ते बघा. निम्म्या वेळा इथेच काम होतं.

राहिलं दुकान, त्यातच विक्रीची साइटही आली. कंपनी स्वतःच्या धोरणाने नाकारू शकते का? शकते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ सरकारला बांधतं, खासगी दुकानाला नाही. महाद्वार रोडवरचा दुकानदार 'हे मी ठेवत नाही' म्हणू शकतो, तसंच ॲमेझॉनही. २०२१ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या प्रश्नावरचं एक पुस्तक काढलं आणि विचारणा झाल्यावर सांगितलं की लैंगिक ओळखीला मानसिक आजार ठरवणारी पुस्तकं आम्ही विकत नाही. फरक एवढाच की महाद्वार रोडवर नाही मिळालं तर माणूस राजारामपुरीत जातो; एवढ्या मोठ्या साइटने काढलं तर पुस्तक छापलंच नव्हतं अशी वाचकाची समजूत होते. मला ते नाकारणं खटकत नाही, न सांगता नाकारणं खटकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर मध्यस्थ कंपनीवर, म्हणजे दुसऱ्यांचा माल किंवा मजकूर दाखवणाऱ्या साइटवर, मजकूर काढायचं बंधन न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच येतं. कुण्या संघटनेच्या पत्राने येत नाही. तरी पत्र आलं की काढून मोकळं होणं सोपं पडतं, कारण तीनशे-चारशे रुपयांच्या पुस्तकासाठी वकील कोण लावणार?

तेव्हा विचारा. साइटच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा व्हायला हवा. चॅटवरच्या पोराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. मजकूर एवढाच ठेवा:

'आयएसबीएन अमुक या पुस्तकाची नोंद अमुक तारखेपासून दिसत नाही. ती (१) न्यायालयाच्या वा सरकारच्या आदेशाने, (२) प्रकाशकाच्या सांगण्यावरून, (३) आपल्या धोरणानुसार, की (४) विक्रेता नसल्याने बंद आहे, हे कळवावे. आदेश असल्यास क्रमांक व तारीख द्यावी. धोरण असल्यास कोणते कलम ते सांगावे.'

सोबत पानाचा स्क्रीनशॉट जोडा, त्यात तारीख आणि पिनकोड दिसू द्या. मोघम प्रश्नाला छापील उत्तर येतं. असे चार पर्याय दिले की निदान एकावर बोट ठेवावं लागतं. हेच पत्र प्रकाशकालाही पाठवा, तिथून उत्तर लवकर येतं.

पैसे भरल्यावर ऑर्डर रद्द केली आणि परतावा अडकला, तर मात्र तो सरळ ग्राहक हक्काचा विषय आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातही आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण एका पुस्तकासाठी तारखा कराव्यात का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता मिळवायचं कसं? सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे थेट प्रकाशक. पुण्या-मुंबईचे बहुतेक प्रकाशक फोनवर ऑर्डर घेतात, यूपीआयने पैसे घेतात. पोस्टाने मागवायचं असेल तर 'ज्ञान पोस्ट'ची चौकशी करायला सांगा. मे २०२५ पासून ही सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ट्रॅकिंग असतं, पण जमिनीवरून येतं, तेव्हा घाई करू नका. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं; ते नसलं तर पोस्ट घेत नाही. निनावी छापलेल्या पुस्तिका तिथेच अडकतात.

स्थानिक दुकानातून मागवायचं असेल तर आयएसबीएन, प्रकाशक आणि आवृत्ती चिठ्ठीवर लिहून द्या आणि आगाऊ पैसे द्या. एका प्रतीसाठी वेगळं पार्सल परवडत नाही, त्यामुळे पुढच्या गठ्ठ्यात येईल असं सांगतील. वादाचं पुस्तक मांडणीत ठेवा असा आग्रह धरू नका. काच त्यांची फुटते. विक्रेत्याला 'मागवून देता का' एवढंच विचारलं तर उत्तर बहुधा होकारार्थी येतं.

आणि वाचनालय. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथे आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या आवृत्त्या आधी शोधा. तिथेही नसेल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात छापलेल्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यायची असते. नियम सगळेच पाळतात असं नाही, पण फोन करून विचारायला काही हरकत नाही.

दोन गोष्टी टाळा. टेलिग्रामवरची पीडीएफ ही चोरी आहे, आणि वादग्रस्त पुस्तकांच्या अशा प्रतींत पानं गाळलेली, कधी घुसडलेलीही असतात. वाद नेमका ज्या परिच्छेदावर आहे तोच तुम्ही खोटा वाचाल. दुसरं, 'बॅन झालेलं, शेवटची प्रत' म्हणून तिप्पट-चौपट भावाने विकणारे. आधी प्रकाशकाला फोन लावा. गोदामात गठ्ठे पडलेले असू शकतात.

ई-बुक घ्यायचं असेल तर हे लक्षात असू द्या की तुम्ही परवाना घेता, पुस्तक नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्काच्या घोळामुळे ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून (ॲमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्रातून) परस्पर पुसली होती, आणि फेब्रुवारी २०२५ पासून संगणकावर फाइल उतरवून ठेवायची सोयही काढलीय. तुमचं पुस्तक वादाचं आहे, तेव्हा कागदी प्रतच घ्या आणि बिल त्यातच ठेवा.