वाचकांचे प्रश्न : दोहाला ऑलिंपिक मिळेल का?

प्रश्न : सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, तरी पार्क मैदानावर मुले क्रिकेट खेळताना दिसतात. मग कतारची राजधानी असलेल्या, वाळवंटातील दोहा शहराला ऑलिंपिक देताना उन्हाचीच अडचण का सांगितली जाते? 2036 साठी त्या शहराला खरोखर संधी आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : संधी आहे, आणि पूर्वीपेक्षा बरीच जास्त आहे. मात्र निकाल मैदानांपेक्षा तारखांवर लागेल, असे माझे मत आहे.

आधी उन्हाविषयी. आपले ऊन कोरडे असते. दोहा मात्र वाळवंटात असले तरी समुद्राकाठी वसलेले आहे आणि ऑगस्टमध्ये आखाताचे पाणी इतके तापते की हवा बाष्पाने जड होते. वाळा किंवा गवत भरलेला कूलर एप्रिल-मेमध्ये आपली खोली गार करतो आणि जूनचा पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसती चिकट हवा फेकू लागतो, हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. शरीरही घाम वाळला तरच थंड होते. दमट हवेत घाम नुसता निथळत राहतो आणि धावपटूच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

2019 च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत हे सर्वांनी पाहिले. दोहात महिलांची मॅरेथॉन मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करूनही तापमान 30 अंशांच्या वर आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या पुढे होती. 68 पैकी 28 धावपटूंनी शर्यत अर्ध्यातच सोडली. मुख्य मैदानावरील स्पर्धा मात्र वातानुकूलनामुळे सुरळीत पार पडल्या, कारण तेथे प्रेक्षकांच्या आसनांखालून आणि मैदानाच्या कडेने थंड हवा सोडली जाते व तीच हवा परत ओढून पुन्हा गार केली जाते. रस्त्यावरची शर्यत अशी गार करता येत नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडील साप्पोरो शहरात हलवली, त्यामागे दोहाचा हा अनुभव होता.

म्हणून प्रश्न तारखांचा. 2016 च्या ऑलिंपिकसाठी दोहाने ऑक्टोबर सुचवला होता. 2008 मध्ये तांत्रिक मूल्यमापनात रिओपेक्षा अधिक गुण मिळूनही दोहा अंतिम यादीत आले नाही, कारण त्या तारखा समितीने ठरवलेल्या जुलै-ऑगस्टच्या कालावधीबाहेर होत्या. 2020 साठीही 2012 मध्ये दोहा अंतिम यादीत आले नाही. वास्तविक 1964 चे टोकियो आणि 1968 चे मेक्सिको ही दोन्ही ऑलिंपिक ऑक्टोबरमध्येच झाली होती. आता अडचण दूरचित्रवाणीची आहे: अमेरिकेत ऑक्टोबर हा बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या ऐन हंगामाचा महिना असतो आणि प्रक्षेपण हक्कांचा मोठा पैसा तिथूनच येतो. पण कतारमधील 2022 चा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाला, युरोपातील लीग स्पर्धांनी आपले वेळापत्रक बदलले, आणि दोहाच्या हाती एक ठोस दाखला आला. आठ विश्वचषक मैदाने, 2019 मध्ये सुरू झालेली मेट्रो आणि 2006 च्या आशियाई स्पर्धांचा अनुभव ही त्या शहराची भक्कम बाजू आहे. दोहाच्या दाव्याकडे दुर्लक्ष करणे भारतालाही परवडणारे नाही, कारण 2036 साठी आपणही इच्छुक आहोत आणि अहमदाबादेत जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा.

प्रश्न : आमच्या ओळखीतील काही तरुण आखातात बांधकामावर आहेत. अशा स्पर्धेच्या तयारीत कामगारांना उन्हापासून कायद्याचे संरक्षण मिळते का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : कागदावर मिळते. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे आणि उष्णता-आर्द्रतेचा एकत्रित निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेल्यास काम थांबवावे लागते. परंतु विश्वचषकाच्या तयारीच्या वर्षांत अनेक तरुण कामगारांचे मृत्यू सखोल तपासणीविना ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदवले गेले, हा मानवी हक्क संघटनांचा आक्षेप मला अत्यंत गंभीर वाटतो. ऑलिंपिक समितीने दोहाला यजमानपद देण्यापूर्वी प्रत्येक मृत्यूच्या स्वतंत्र तपासणीची अट घातली पाहिजे. आपल्या ओळखीच्या तरुणांना हे जरूर कळवा की, मालकाने पासपोर्ट ठेवून घेणे कतारच्या कायद्यानेही बेकायदा आहे.