प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय का?

सेमी-इंग्रजीत चौथीला असलेल्या मुलीच्या आईने विचारले आहे: वहीत ‘प्रिपोझिशन = शब्दयोगी अव्यय’ असे उतरवून दिले आहे. पण ‘प्रि’ म्हणजे आधी, आणि आपले ‘वर’, ‘खाली’, ‘समोर’ तर शब्दाच्या शेवटी चिकटतात. मग चुकले कोण, वही की आम्ही?

तुम्ही नाही चुकलात. वहीही पुरती चुकलेली नाही, फक्त ते बरोबरीचे चिन्ह तिथे शोभत नाही.

प्रिपोझिशन हे नाव जागेवरून पडले आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आधी मांडणे’. ‘ऑन द टेबल’मध्ये ‘ऑन’ आधी बसतो, झाले. मराठी नावात जागेचा उल्लेखच नाही. शब्दाला जोडून येते म्हणून शब्दयोगी, आणि लिंग-वचनाने बदलत नाही म्हणून अव्यय. हिंदीत पूर्वसर्ग आणि परसर्ग असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे तिकडे हा घोळ कमी होतो.

खरी गंमत पुढे आहे. ‘इन’, ‘टू’, ‘फ्रॉम’ ही तिन्ही प्रिपोझिशन्स. त्यांचे मराठी करून पाहा: मुंबईत, आईला, पुण्याहून. यातले त, ला, हून हे शाळेच्या व्याकरणात शब्दयोगी नाहीत, ते विभक्तीचे प्रत्यय. म्हणजे इंग्रजीच्या एका खणातला माल आपल्याकडे दोन खणांत लावला आहे. उलट बाजूनेही तेच. ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘च’ यांना आपण शुद्ध शब्दयोगी म्हणतो, पण त्याच अर्थाचे ‘ऑल्सो’, ‘ईव्हन’, ‘ओन्ली’ इंग्रजीत प्रिपोझिशन नसतात, ते बहुतेक ठिकाणी ॲडव्हर्ब ठरतात. त्यामुळे मुलीने ‘सुद्धा’ला प्रिपोझिशन म्हटले तर तिला रागावू नका. वहीतल्या बरोबरीच्या चिन्हावर तिने विश्वास ठेवला, एवढेच.

हे चिन्ह आले कुठून? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर होता. शब्दांच्या आठ जाती आपण पाठ करतो, त्या त्या साच्याशी एकास एक जुळतात. काही जोड्या झकास बसल्या. नाम आणि नाउन, दोन्हींचा मूळ अर्थ ‘नाव’च. काहींची कुळे निराळी आहेत. प्रोनाउन म्हणजे नामाच्या ऐवजी आलेला. सर्वनाम हा मात्र पाणिनीच्या घरचा शब्द, ‘सर्व’पासून सुरू होणाऱ्या यादीवरून आलेला. तरी काम सारखे असल्याने ती जोडी खपून जाते. प्रिपोझिशनची जोडी तशी खपत नाही, कारण तिथे वाक्याची बांधणीच उलटी होते.

चौथीतल्या मुलांना माझ्या मते इंग्रजीच्या तासाला ‘प्रिपोझिशन’ हाच शब्द द्यावा आणि मराठीच्या तासाला ‘शब्दयोगी’. दोन्ही नावे एका ओळीत घोकून घेण्याने काही साधत नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवून फरक दाखवला तर पाच मिनिटांत कळतो.

माझ्या भाच्याने एकदा लिहिले होते, ‘द कॅट इज द टेबल अंडर’. शब्द सगळे बरोबर, बांधणी अस्सल मराठी! मी त्याला एका पट्टीवर ‘टेबलाखाली’ लिहायला लावले आणि कात्रीने जोड कापायला सांगितले. ‘टेबला’ एक तुकडा, ‘खाली’ दुसरा. आता ‘खाली’ उचलून आधी ठेव, म्हटले. त्याने ठेवला, आणि ‘टेबला’कडे बघत विचारले, “मामा, हा काना कुठे टाकू?”

प्रश्न मोठा नेमका होता. ‘सुद्धा’सारखे शुद्ध शब्दयोगी सोडले, तर शब्दयोगी लागताना आपले नाम बहुधा वाकते: टेबलचे टेबला, घोडाचे घोड्या. त्याला सामान्यरूप म्हणतात. इंग्रजी नाम प्रिपोझिशनपुढे वाकत नाही. सर्वनामे तेवढी वाकतात, म्हणून ‘विथ ही’ न होता ‘विथ हिम’ होते, जसे आपले ‘तो’चे ‘त्याच्याबरोबर’. मी म्हटले, काना केरात टाक. त्याने तो कापला, पण टाकला नाही. त्यावर ‘द’ लिहून दोन तुकड्यांच्या मधे चिकटवला: अंडर, द, टेबल. व्याकरण म्हणून हे साफ खोटे आहे. ‘द’ला उपपद म्हणतात आणि त्याचा आपल्या सामान्यरूपाशी काडीचा संबंध नाही. पण त्या दिवसानंतर त्याचे मांजर टेबलाच्या योग्य बाजूला बसू लागले, म्हणून मीही दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली.