सड्यावरचं धुकं आणि होकायंत्र

प्रश्न : वाडीपासून कातळशिल्पांपर्यंत जायला तासभर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, तुडवावा लागतो. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. फोनमधलं होकायंत्र दर वेळी वेगळीच दिशा दाखवतं. कोणतं होकायंत्र घ्यावं, कसं वापरावं?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, द्रव भरलेलं, फिरत्या चकतीचं घ्या. चकतीवर दर २ अंशांना खूण हवी. किल्लीच्या जुडग्यातलं बटणाएवढं होकायंत्र या कामाचं नाही. परदेशातून मागवणार असाल तर सुई कुठल्या भूभागासाठी तोललेली आहे ते आधी विचारा. उत्तर युरोपासाठी तोललेली सुई कोकणात दक्षिणेच्या टोकाला झुकते आणि तळाला घासून अडकते.

स्वच्छ दिवशी नकाशावर पट्टीची कड ‘इथून तिथे’ अशी ठेवा, पट्टीवरचा दिशाबाण मुक्कामाकडे. चकती फिरवून तिच्यातल्या रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांना समांतर करा. चकतीवरची उत्तर नकाशाच्या उत्तरेकडेच हवी. ही उलटी ठेवली की माणूस नेमका विरुद्ध दिशेला चालतो, आणि ही चूक फार जण करतात. मिळालेला अंश कागदावर लिहून ठेवा. कोकणात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक दोन अंशांपेक्षा कमी आहे, पायी चालताना तो सोडून द्या.

सड्यावर होकायंत्र छातीशी आडवं धरा आणि लाल टोक चकतीतल्या बाणात बसेपर्यंत स्वतः वळा. कमरेच्या आकडीतली कोयती आधी काढून लांब ठेवा, फोनसुद्धा. बागेच्या काटेरी तारेपासून १० मीटर, गाडीपासून २० मीटर दूर व्हा. काळा कातळ कुठे कुठे सुई ओढतो, म्हणून चार पावलं सरकून पुन्हा बघा. दोन्हीकडे अंश जुळला तरच निघा.

सुईकडे बघत चालू नका. पट्टीवरच्या दिशाबाणाच्या रेषेत दिसेल ती करवंदीची जाळी खुणेला धरा, तिथे पोचा, पुन्हा बघा. काहीच दिसत नसेल तर सोबत्याला दिसेनासा होण्याआधीपर्यंत पुढे पाठवा, हाक मारून रेषेत आणा आणि त्याच्यापाशी जा. वेळ लागतो, पण धुक्यात खात्रीची रीत हीच.

परतताना वाडीवर थेट नेम धरू नका. ५ अंशांची चूक १ किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर होते, मग वाडीजवळच्या व्हाळापाशी (ओढ्यापाशी) येऊन डावीकडे वळावं की उजवीकडे, कळत नाही. मुद्दाम १० अंश डावीकडे धरा. व्हाळ लागला की वाडी उजव्या हाताला, शंकाच नको.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर माझं होकायंत्र समुद्र पूर्वेला असल्याचं सांगतं! बिघडलं का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : सुईचे ध्रुव उलटले आहेत. होकायंत्र फोनशेजारी किंवा चुंबकी झाकणाच्या पाकिटात राहिलं की असं होतं. जोरदार चुंबकाने ध्रुव पुन्हा फिरवता येतात, पण अर्धवट झालं तर सुई आळसावते. त्यापेक्षा नवीन घ्या. नवं यंत्र आणि फोन वेगवेगळ्या खिशात ठेवा. रात्री ध्रुवताऱ्यावर पडताळा : तो इथे क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, हात ताणून धरलेल्या दोन मुठींपेक्षा जरा खाली. उत्तरेला झाडं किंवा डोंगर नसलेली जागा बघा.