फुकटचं घर विकून लोक परत झोपडीत का जातात?

तुमचा प्रश्न असा की, मुंबईत झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत फुकट मिळालेली घरं लोक विकून मोकळे होतात, मग सरकारने ती द्यावीतच कशाला? राग कळतो. पण मी अशाच एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो आणि सेक्रेटरी म्हणून सहा वर्षं दारोदार मेंटेनन्स मागत फिरलोय, तेव्हा लांबण लागली तरी ऐका.

झोपडीत आमचा खर्च म्हणजे विजेचं बिल आणि नळाची वर्गणी. इमारतीत आलो आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई हे सगळं मागे लागलं. बिल्डरने घरामागे २०,००० रुपये देखभाल निधीत भरले होते. त्याच्या व्याजात लिफ्टवाल्याचं वार्षिक बिलसुद्धा निघत नाही. आमच्या गल्लीत जरीकाम चालायचं, पापड लाटले जायचे, ओट्यावर इस्त्रीचं टेबल असायचं. सातव्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. विकून जाणाऱ्यांत काही लबाड आहेतच (एकाने तर ताबा मिळायच्या आधीच बयाणा घेतला होता), पण बरेचजण धंद्यामागे गेले.

मूळ गोम हिशेबात आहे. १९९५ मध्ये सरकारने नेमलेल्या अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर ही योजना आली. बिल्डरने झोपडीधारकांना फुकट घर बांधून द्यायचं आणि त्याचा खर्च सेल बिल्डिंगमधून, म्हणजे त्याच जागेवर बाजारभावाने विकायला बांधलेल्या इमारतीतून काढायचा. म्हणजे जागा महाग तिथे बिल्डर हजर, स्वस्त तिथे फिरकतही नाही. घर २२५ चौरस फुटांवरून २६९, मग ३०० झालं, चांगलंच झालं. पण सेल बिल्डिंगला मोकळी जागा हवी, म्हणून आमच्या इमारती एकमेकींना खेटून. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीत कमी उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला होता.

दुसरे रस्ते होते, आणि ते आपल्याकडेच होते. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप-गोराईला छोटे भूखंड, रस्ते, पाणी, गटार दिलं. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. आज तिथे जाऊन बघा, कशी वस्ती उभी राहिलीय. पुण्यात येरवड्याला तर वस्ती हलवलीच नाही. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तिथल्या तिथे २७० चौरस फुटांची बांधली आणि लोकांकडून घराच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम घेतली. माझं मत विचाराल तर आधी जागेचा पट्टा, पाणी, गटार द्या, आणि घराला थोडे पैसे जरूर घ्या.

राहिली विक्रीबंदी. आम्हाला ती १० वर्षांची होती. व्यवहार थांबले नाहीत, पॉवर ऑफ ॲटर्नीवर झाले. सोसायटीच्या दप्तरी नाव जुन्याच माणसाचं. त्यामुळे आता मी ज्याच्याकडे मेंटेनन्स मागतो तो सदस्य नसतो, आणि जो सदस्य असतो तो सापडत नाही.